चिलीत दोनशे दहा फ्लॅट

पहाटे साडेतीनला, घरातले सगळे झोपलेले असताना, मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून दबक्या आवाजात फोनवर बोलत होतो. "सर, नव्वद फ्लॅट घेऊन झाले. अजून एकशे वीस घ्यायचेत. पण वेळ नाही हो, दहा मिनिटांत सगळं काळं होणार."

मागे फ्रिजचं दार बंद झाल्याचा आवाज आला. पाणी प्यायला उठलेला माझा मेहुणा हातात बाटली धरून उभा होता. तो एका बँकेत गृहकर्ज विभागात आहे आणि डोंबिवलीतल्या वन बीएचकेचं कर्ज मंजूर करताना माणसाच्या तीन पिढ्या तपासतो. तो काही न बोलता पाणी प्याला आणि झोपायला गेला. सकाळी चहाच्या वेळी मात्र त्याच्या नजरेत माझ्याविषयी जो आदर होता, तो माझ्या लग्नाला बावीस वर्षं होऊनही मी कधी पाहिला नव्हता.

"भावोजी, नव्वद?" त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "कुठे आहे प्रोजेक्ट?"

"चिलीत."

"आणि सगळं काळं?"

"हो ना. सूर्य मावळला की काळंच."

"भावोजी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "असं फोनवर नका बोलत जाऊ."

मग मी त्याला फ्लॅट म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. त्यानंतर तो आदर गेला तो गेलाच.

फ्लॅट म्हणजे कशाचाही नसलेला फोटो. दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचं चित्र काढलं की ते मधोमध उजळ आणि कोपऱ्यांत काळवंडलेलं येतं. शिवाय कॅमेऱ्याच्या काचेवर किंवा फिल्टरवर धुळीचा एखादा कण बसला असेल, तर त्याची सावली चित्रात गोल, मध्ये भोक असलेली अशी पडते. थोडक्यात, दोन कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेवर चार मेदूवडे. यावर उपाय एकच. अगदी एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या कोऱ्या पृष्ठभागाचा त्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचा. त्यात आकाश नसतं, फक्त आपली पापं असतात: काळे कोपरे आणि वडे. मग मूळ चित्राला या पापांच्या चित्राने भागायचं. कोपरे उजळतात, वडे विरघळतात. प्रत्येक फिल्टरवरची धूळ वेगळी, म्हणून प्रत्येकाचे फ्लॅट वेगळे. आमच्याकडे सात फिल्टर आहेत. एक बिनरंगी, तीन लाल-हिरवा-निळा, आणि तीन हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांच्या उजेडासाठी. प्रत्येकी तीस. सात त्रिक एकवीस, वर एक शून्य.

"म्हणजे तू पहाटे उठून पांढऱ्या रंगाचे दोनशे दहा फोटो काढतोस," बायको म्हणाली. "आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एकशे चाळीस आहेत."

दुर्बीण घरी होती तेव्हा हे काम सोपं होतं. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ती उभी करायची, तोंडावर पांढरं बनियन ताणून बसवायचं, रबरबँड लावायचं आणि तोंड आकाशाकडे करायचं. जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक हेच करतात, फक्त त्यांच्याकडे टी-शर्ट असतो. बनियन नवं लागतं, जुन्याला विरळ जागा पडलेल्या असतात. त्यामुळे आमच्या घरात दुर्बिणीचं बनियन कोरं करकरीत आणि माझं चाळणी, अशी परिस्थिती होती. आईने एकदा वाळत घातलेल्या कपड्यांत दोन्ही शेजारी शेजारी पाहिली आणि म्हणाली, "लोकांना वाटेल, सुनेचं लक्ष नाही."

पण डोंबिवलीच्या आकाशात दिसतं काय? जून ते सप्टेंबर ढग. उरलेले आठ महिने हॅलोजन. पूर्वी आम्ही वांगणीला, नेरळला जायचो. मुंबईकडच्या आकाशप्रेमींच्या कित्येक पिढ्या त्या माळांवर डासांनी पोसल्या आहेत. आता तिथेही टॉवर आले आणि टॉवरच्या नावांत 'स्काय', 'गॅलेक्सी' आणि 'ओरायन' आले. जे दिसेनासं झालं त्याची नावं इमारतींना द्यायची आपली पद्धतच आहे.

तेव्हा आम्ही चौघांनी भागीदारीत दुर्बीण परदेशी पाठवायचं ठरवलं. चौघे म्हणजे मी, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, एक दंतवैद्य आणि एक सीए. कल्पना काही नवी नाही. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि ती गेली वीसेक वर्षं बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. म्हणजे शास्त्रज्ञ खाली इडली खात बसलेले आणि दुर्बीण वर थंडीत. हे मॉडेल आम्हाला फार पसंत पडलं. आमची दहा इंची दुर्बीण उत्तर चिलीतल्या रिओ उर्तादोच्या खोऱ्यात एका वेधशाळेत भाड्याने ठेवली. स्पॅनिशमध्ये 'उर्तादो' म्हणजे चोरलेला, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळलं. शेजार मात्र राजेशाही. त्याच परिसरातल्या सेरो पाचोन डोंगरावर रूबिन वेधशाळा आहे. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा. 'आम्ही आणि रूबिन एकाच आळीत राहतो' असं डॉक्टर दात उपटता उपटता पेशंटला सांगतात. तोंडात कापूस असल्यामुळे पेशंट विरोध करत नाही.

तर अशी दुर्बीण चिलीत, आम्ही डोंबिवलीत, आणि मधे साडेनऊ तासांचं अंतर. तिथे जूनमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य नुकताच बुडालेला असतो. आकाश धड उजळ नाही, धड काळं नाही, एकसारखं फिकं. फ्लॅट काढायला तेच आकाश लागतं आणि ते वीस-पंचवीस मिनिटं टिकतं. तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. आमच्या बाबांनी कॉलनीत सांगून टाकलं, "चिरंजीव ब्रह्ममुहूर्तावर उठतात." दोघेतिघे मला साधनेविषयी विचारायला आले. मी काय साधना सांगणार? आधी हायड्रोजन-गंधक उरकून घ्यायचं, कारण त्या फिल्टरांतून उजेड फार कमी येतो. मग लाल-हिरवं-निळं. शेवटी बिनरंगी. हे सगळं आकाश दर मिनिटाला अंधारत असताना. पहिल्या फिल्टरला उजेड जास्त म्हणून चित्र नुसतं पांढरं फटक. वाट बघायची. मग जमतं, मग धावपळ. चौथ्या फिल्टरपर्यंत यावं तर कोऱ्या आकाशात एक ठिपका. मग दोन. तारे! तारे पाहण्यासाठी लाखो रुपये घालवलेला माणूस तारे उगवले म्हणून कपाळावर हात मारून घेतोय, हे दृश्य माझ्या बायकोने पाहिलेलं आहे.

आम्ही पाळ्या लावल्या. डॉक्टरांच्या पाळीला ते अलार्म बंद करून झोपले. सीएंच्या पाळीला त्यांचं इंटरनेट झोपलं. सर सत्तरीचे, ते वेळेवर उठत, पण चष्मा सापडेपर्यंत चिलीत रात्र होई. शेवटी जुलैत ठराव झाला की झाकण घ्यायचं.

हे झाकण म्हणजे मोटारीवर उघडमीट होणारं गोल तबक. आतल्या अंगाला दिवा असतो, एकसारखा पांढरा उजेड देणारा. संगणकावरून हुकूम दिला की झाकण दुर्बिणीच्या तोंडावर बसतं, दिवा लागतो, दोनशे दहा फ्लॅट आपोआप निघतात, दिवा विझतो, रात्री झाकण उघडतं. ब्रह्ममुहूर्त संपला. आईला हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "पातेल्याबरोबरच झाकण घ्यायचं असतं. नंतर मापाचं मिळत नाही."

हे वाक्य मी तेव्हाच लिहून भिंतीवर लावायला हवं होतं.

सीएंनी एक्सेल काढलं. सत्तावीस कॉलम. मी त्यांना आयुष्यात इतकं आनंदी पाहिलेलं नाही. झाकणाचं वजन, व्यास, किती अंशांत उघडतं, दिव्याचा प्रकार, उजेडाच्या पायऱ्या किती, वारा किती सोसतं, वीज गेली तर कुठल्या स्थितीत थांबतं. अकरावा कॉलम होता 'समानता', म्हणजे पॅनलवर सगळीकडे उजेड किती एकसारखा आहे. हा सरांचा कॉलम. त्यावरून पुढे जे झालं ते घटस्फोटाच्या कज्ज्यातही होत नसेल.

सरांचं म्हणणं सुरुवातीला असं की झाकण कशाला? भिंतीवर एक मोठा पॅनल टांगा, दुर्बीण मान वळवून त्याच्याकडे बघेल. हलणारा भाग नाही, बिघडायला काही नाही. "रूबिनसुद्धा घुमटाच्या आत पडदा लावून तेच करते." सीएंना हे एकदम पटलं, कारण सगळ्यात स्वस्त. पण आमच्या शेडमध्ये एका सरकत्या छपराखाली बारा दुर्बिणी आहेत, निरनिराळ्या देशांतल्या बारा मालकांच्या. आमच्या समोरची भिंत कॉमन. कॉमन भिंतीवर खिळा ठोकायचा तर काय होतं, हे डोंबिवलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. विषय तिथेच मिटला.

डॉक्टर पहिल्यापासून झाकणवादी. "कॅप बसली की आत कीड जात नाही," हे त्यांचं शास्त्र. खोरं कोरडं, धूळ भरपूर. दिवसा झाकण बंद राहिलं तर आरसाही राहील. एका खर्चात दोन कामं म्हटल्यावर सीए विरघळले.

मग दिवा कुठला? एक प्रकार जुना, अख्खा कागदासारखा पत्राच उजळतो. फार एकसारखा, पण हिरवट-निळा. लाल रंगात कंजूष, आणि वय झालं की मंदावतो. सरांना तो आवडला, डॉक्टर म्हणाले, "स्वाभाविक आहे." दुसरा एलईडीचा. भरपूर उजेड, स्वस्त, टिकाऊ. पण त्याचा उजेड कडेला आणि मधे एकसारखा नसतो, असा सरांचा आक्षेप. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने आमच्या ग्रुपवर समानतेवरून इतकी जुंपली की नवीन माणसाला तो राज्यघटनेचा अभ्यासवर्ग वाटला असता. अखेर समानता जास्त असलेला एलईडी पॅनल निवडला. साध्यापेक्षा चौदा हजार रुपये महाग. सरांनी ग्रुपवर फक्त 'सत्यमेव' असं लिहिलं.

दुसरं प्रकरण छपराचं. पहाटे छप्पर सरकून बंद होतं तेव्हा सगळ्या दुर्बिणी आडव्या झोपलेल्या असाव्या लागतात. झाकण पूर्ण उघडलं की मागे दुमडून नळीला टेकतं, पण मधेच अडकलं तर ते ताठ उभं राहणार, कान टवकारलेल्या कुत्र्यासारखं. वेधशाळेने रास्त प्रश्न विचारला: अडकलेलं झाकण छपराला लागेल का? तिथला तंत्रज्ञ पंचविशीतला, अतिशय सालस मुलगा. आम्हाला स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी येत नाही, भाषांतर करणाऱ्या यंत्राला दोन्ही जेमतेम येतात. त्याने पुठ्ठ्याची गोल चकती कापली, दुर्बिणीच्या तोंडाशी चिकटपट्टीने उभी चिकटवली आणि छप्पर इंचाइंचाने ओढत व्हिडिओ काढला. चौघांनी श्वास रोखून पाहिला. छप्पर पुठ्ठ्याच्या वरून चार बोटांवरून गेलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या खुर्चीत त्या वेळी एक आजोबा तोंड उघडून बसलेले होते, त्यांनीही वाजवल्या.

स्पॅनिशमध्ये झाकणाला 'तापा' म्हणतात. त्या मुलाच्या प्रत्येक निरोपात हा शब्द असे. तापा आला नाही. तापा कधी येणार? आम्हाला भाषांतराची गरजच पडेनाशी झाली.

ऑर्डर मी दिली. त्यात एक रकाना होता, 'व्यास'. दहा इंची दुर्बीण, म्हणजे २५४ मिलीमीटर. शाळेतल्या पोराला येईल असं गणित. मी २५४ भरले, पैसे भरले, आणि सप्टेंबरअखेर एक सुबक झाकण चिलीकडे निघालं. वाटेत ते एका गोदामात एकोणीस दिवस पडलं, कारण वस्तूचं वर्णन मी 'मोटार असलेला दिवा, जो झाकण आहे' असं लिहिलं होतं आणि ते नक्की कशात मोडतं हे कुणाला ठरवता येईना. शेवटी पोचलं. मुलाचा फोटो आला: दुर्बिणीच्या तोंडावर आमचं झाकण, आणि सभोवती दोन बोटं मोकळी जागा. हत्तीला लहान मुलाची टोपी.

२५४ हा आतल्या आरशाचा व्यास. झाकण आरशावर नाही, नळीवर बसतं. नळीचा बाहेरचा व्यास तीनशेच्या घरात.

मी ग्रुपवर हे कबूल केलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग डॉक्टरांनी लिहिलं, "आम्ही एका दाताच्या कॅपसाठी दोनदा माप घेतो." सर म्हणाले, "नववीच्या पेपरात मी हाच प्रश्न घालायचो. आतला व्यास, बाहेरचा व्यास. निम्मी मुलं चुकायची." सीए काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी एक्सेलमध्ये अठ्ठाविसावा कॉलम घातला. त्याचं नाव माझं नाव होतं.

आईला मी सांगितलंच नाही. पण आयांना कळतं. त्या रात्री तिने आमटीच्या पातेल्यावर ताट पालथं घालून ठेवलं आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माप चुकलं तरी झाकता येतं. एवढ्यासाठी चिलीला नाही पाठवावं लागत."

दुसरं झाकण जानेवारीत बसलं. मोठं, म्हणून जड. ते उघडलं की दुर्बिणीचा तोल वेगळा, मिटलं की वेगळा. मागच्या बाजूला वजनं लावून तो मुलगा दोन दिवस तराजू सावरत होता. खोऱ्यात संध्याकाळी वारा सुटला की उघडलेलं झाकण शिडासारखं फडफडे आणि तारे अंड्यांसारखे लांबट येत. त्याचाही बंदोबस्त झाला. मग पहिले फ्लॅट. मी हळदीकुंकवाच्या गडबडीत, पाहुण्यांना तिळगूळ देता देता फोनवर बटण दाबलं. चित्र आलं. सुंदर पांढरं, आणि त्यावर आडवे पट्टे. अगदी शेजारच्या काकूंच्या इरकलीच्या पदरासारखे.

सरांनी निदान केलं. एलईडीचा उजेड कमी करायचा म्हणजे तो मंद होत नाही, नुसता भराभर उघडझाप करतो. डोळ्याला कळत नाही. पण आमचा कॅमेरा चित्र एकेक ओळ करून वाचतो. उघडीप फार थोडी ठेवली की काही ओळींच्या वाट्याला दिवा जास्त वेळ चालू, काहींच्या वाट्याला बंद. उपाय असा की फोटोला जास्त वेळ द्यायचा. पण वेळ दिला की चित्र जळतं, कारण पॅनलची सर्वांत खालची पायरीसुद्धा बिनरंगी फिल्टरला झेपत नव्हती. हायड्रोजनला मात्र पूर्ण उजेड देऊनही तो 'अजून, अजून' म्हणत होता. एकाच पंगतीत मधुमेही आणि पैलवान.

म्हणून आम्ही त्या मुलाला पॅनलवर कागद लावायला सांगितलं. दोन साधे ए-फोर कागद, चिकटपट्टीने. सत्तावीस कॉलम, तीन महिन्यांचा समानतेचा लढा, दोन खंडांतून प्रवास केलेलं तबक, आणि शेवटी प्रिंटरमधले दोन कागद. सीएंनी विचारलं, "कागद कुणाच्या खर्चात?" मुलाने लिहिलं, "भेट."

त्यानंतर काही दिवस आम्ही सुखात होतो. मग ती अमावास्या. मी फ्लॅट काढले, झाकण उघडलं, दुर्बीण कामाला लावली आणि कांदेपोहे खायला बसलो. दिवा विझवायचा राहिला. उघडलेल्या झाकणाचा पॅनल आता बाहेरच्या बाजूला तोंड करून, पूर्ण उजेडात, जगातल्या अत्यंत काळ्या आकाशांपैकी एकाखाली, अकरा देशांच्या दुर्बिणींच्या अंगावर झगझगत होता. वीस मिनिटांनी एका शेजाऱ्याचं पत्र आलं. अत्यंत सभ्य. "आपल्याकडे आज काही उत्सव आहे का?" मी 'नाही' असं लिहिलं. मग दुसऱ्याचं आलं. मग तिसऱ्याचं आलं, त्यात सभ्यता जरा कमी होती. डोंबिवलीत गच्चीवरचा हॅलोजन घालवावा म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी सहा वर्षं भांडलो आहे. त्याला हा प्रसंग कळू नये एवढीच माझी इच्छा आहे.

फेब्रुवारीत आम्ही दक्षिणेच्या त्रिशंकूशेजारचा कोळशाचा मेघ घ्यायचं ठरवलं. कोलसॅक. हा काळोखा धूलिमेघ आहे, मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारा. भारतीय वेळेनुसार सकाळी काम सुरू झालं. नऊच्या सुमारास सरांनी त्यांच्या घरून दुर्बिणीच्या संगणकात डोकावून, झाकण नीट चालतंय ना हे पाहण्यासाठी, 'बंद' दाबलं. ते बंद झालं. सरांचं समाधान झालं. ते भाजी आणायला गेले.

आता अशा वेळी यंत्र बोंब मारेल असं तुम्हाला वाटेल. पण दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग नीट फिरतेय ना, हे पाहणारी एक छोटी दुर्बीण वेगळी असते, तिच्या डोक्यावर बसवलेली. तिच्यावर झाकण नाही. तिला तारे दिसत होते. ती इमानेइतबारे गाडी हाकत होती, आणि मोठी दुर्बीण डोळे मिटून मागे बसली होती. दर पाच मिनिटांना एक चित्र येत होतं. काळंभोर.

"काहीच दिसत नाही हो," मी अकराला ग्रुपवर लिहिलं.

"कोळशाचा मेघ आहे," डॉक्टरांचं उत्तर आलं. "काळाच दिसणार."

"पण एकही तारा नाही."

"याला म्हणतात चिलीचं आकाश!"

मलाही ते पटलं, हे मी लपवत नाही. दुपारी दोनपर्यंत पाच तासांत साठ चित्रं जमली. संध्याकाळी सगळा उलगडा झाल्यावर शोककळा पसरली. एवढ्यात सर म्हणाले की झाकण लावून काढलेली चित्रंही लागतातच, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ वजा करायला. त्यांना डार्क म्हणतात. आपल्याकडे आता अत्युत्तम साठ डार्क आहेत. सीएंनी ती रात्र 'नुकसान' मधून काढून 'मत्ता' मध्ये टाकली. एवढा आशावादी हिशेब मी अजून पाहिलेला नाही.

महिनाअखेर त्यांनी झाकणाचा ताळेबंद मांडला. दोन झाकणं, एक निरुपयोगी, वाहतूक, गोदाम, कर, वजनं, त्या मुलाची दोन दिवसांची मजुरी. एकूण एक लाख चोवीस हजार सहाशे.

"चारशेचे पेढे घाला," डॉक्टर म्हणाले. "झाकण सव्वा लाखाचं झालं, मूठ नंतर बघू."

मार्चमध्ये चौघांच्या संमतीने लक्ष्य ठरलं, टॅरंट्युला तेजोमेघ. मोठ्या मॅगेलनी ढगातला. मोठ्या विषारी कोळ्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. चार रात्री झकास काम झालं. पाचव्या दिवशी सकाळी त्या मुलाचा फोटो आला. दिवा लावलेल्या आमच्या पॅनलच्या बरोब्बर मधोमध, ए-फोर कागदावर, आठही पाय पसरून एक खराखुरा कोळी. उबेला बसल्यासारखा निवांत. खाली यांत्रिक मराठीत लिहिलेलं: "तापा मध्ये कोळी आहे. तो अनेक दिवस राहतो. तो विषारी नाही. मी त्याला काढून टाकू?"

माझ्या पोटात गोळा आला. चार दिवसांचे फ्लॅट याच पॅनलवर. मी चित्रं उघडली. काळं-पांढरं ताणून पाहिलं, उलटं करून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. दोनशे दहापैकी एकातही कोळ्याचा एक पाय दिसेना.

"दिसणारच नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात शिरला होता. "नळीच्या तोंडाशी असलेली वस्तू चित्रात उमटत नाही. आपल्या दुर्बिणीत तोंडाशी तो दुसरा आरसा चार पट्ट्यांवर टांगलेला आहे, कोळ्यापेक्षा कितीतरी मोठा. तो कधी फोटोत आलाय? चित्राच्या प्रत्येक बिंदूला सबंध तोंडातून उजेड मिळतो. कोळी बसला तर सगळीकडे सारखाच किंचित कमी होणार."

"म्हणजे सर," डॉक्टरांनी विचारलं, "पॅनलवर एका कडेला उजेड कमी आणि मधे जरा जास्त असता, तरी?"

"तरी फारसं काही... नाही."

ग्रुपवर शांतता. मग सीए आले.

"अकरावा कॉलम. चौदा हजार."

सर टाइप करतायत, असं दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसू लागलं. पुन्हा थांबलं. मग सरांचा संदेश आला: "शुभ रात्री." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

त्या मुलाला काय कळवायचं ते कुणी ठरवेना. मी फोन आईसमोर धरला. तिने चष्मा वर करून कोळी नीट पाहिला, मग कागद, मग चिकटपट्टी.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "एवढं महागाचं झाकण, आत काहीतरी हवं ना."